ऑइल प्रेशरचा कोड: सेन्सर की इंजिन?

प्रश्न: जुना एक्स्कॅव्हेटर घेतला. डिस्प्लेवर एसपीएन १००, एफएमआय ३ असा कोड येतो. ऑइल प्रेशर सेन्सर बदलला, तरी कोड जात नाही.

उत्तर: एसपीएन सांगतो बिघाड कशाचा, एफएमआय सांगतो बिघाडाचा प्रकार. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर. खरी माहिती एफएमआयमध्ये असते. ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे कमी. दोन्ही बिघाड विजेचे. १ दिसला तर मात्र प्रेशर खरोखर घसरलेले असू शकते. इंजिन लगेच बंद करा आणि मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजा.

आपल्या मशीनमध्ये वायरिंग तपासा. सेन्सरचा कनेक्टर काढा, की ऑन, इंजिन बंद. हार्नेसच्या (वायरच्या जुडग्याच्या) बाजूने सप्लाय आणि ग्राउंडमध्ये साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. सप्लाय ठीक असूनही सिग्नल चढलेला असेल, तर सिग्नलची वायर दुसऱ्या वायरला चिकटलेली असू शकते. जुन्या मशीनवर हार्नेस ब्रॅकेटला घासतो, पिन हिरव्या पडतात. तिथेच आधी बघा. मोजताना हार्नेस हलवत राहा, आकडा उडाला की जागा सापडली. ५ व्होल्टच नसतील, तर आधी ग्राउंड तुटलेली नाही ना ते बघा, मग त्याच सप्लायवरचे बाकीचे सेन्सर एकेक काढून पाहा. जो काढल्यावर व्होल्टेज परत येतो, तो शॉर्ट आहे.