“बाबांना सांग, जेवण वाढलंय”

“मॅडम, आम्ही मुलीसमोर कधीच भांडत नाही, तरी तिच्यावर परिणाम होत असेल का?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते. ज्या घराबद्दल लिहितेय ते पुण्यातलं, ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलीला आपण मनू म्हणू.

मनू सात वर्षांची, दुसरीत. शाळेची व्हॅन यायच्या वेळेला रोज पोटात दुखायचं. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल, शेवटी मुलांच्या डॉक्टरांनीच त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. पहिल्या दिवशी आई एकटीच आली होती आणि बसल्या बसल्या म्हणाली, आमच्या घरात आवाज चढत नाही हो, आम्ही चिडलो की बोलणंच बंद करतो, चार दिवस, फार तर आठवडा, मग आपोआप होतं नीट. म्हणजे अबोला. मी विचारलं, मग त्या चार दिवसांत दूधवाल्याचे पैसे, जेवण, डब्यात काय द्यायचं, हे सगळं कसं ठरतं? ती सहज म्हणाली, “मनू सांगते ना इकडचं तिकडे.”

पुढच्या वेळी बाबाही आला. मी म्हटलं, मागच्या अबोल्यातला एखादा निरोप आठवतोय का, अगदी शब्द न् शब्द सांगा. आई म्हणाली, “मी म्हटलं होतं, सांग त्यांना, जेवायचं असेल तर घ्या म्हणावं हाताने वाढून.” बाबा तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्यापर्यंत निरोप आला होता तो असा: “बाबा चल ना, जेवण वाढलंय, आई वाट बघतेय तुझी.”

सात वर्षांची पोर निरोप दुरुस्त करून पोचवत होती! आणखी दोन-तीन निरोप ताडून पाहिले, प्रत्येक वेळी तेच. टोमणा काढून टाकायचा आणि पदरचे चार गोड शब्द घालायचे. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, बाबा कितीतरी वेळ नुसता चष्मा पुसत बसला होता. त्यांना वाटत होतं घरात शांतता आहे, आणि ती शांतता टिकवायची सगळी मेहनत मनू एकटी करत होती, मग सकाळी पोटात दुखणार नाही तर काय.

मी शिकत असताना एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये दीड वर्ष व्हिडिओ कोडिंगचं काम केलंय. छोटी खोली, सतरंजी, खेळणी, कोपऱ्यात कॅमेरे, आई-बाबा आणि मूल आत, आणि आम्ही नंतर तेच रेकॉर्डिंग पुढे-मागे करत प्रत्येक सेकंदाला कोणाचा चेहरा कसा, कोणाची नजर कुठे हे टिपायचो, दोघी वेगवेगळ्या बसून टिपायच्या आणि मग जुळतंय का ते बघायचं. या कामाने मला एक सवय लागली, बोलणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलाकडे बघायची. आई-बाबांचा सूर जरासा बदलला की मुलाचा हात खेळण्यावरच थांबतो, मान वरही होत नाही, पण कान तिकडेच.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांचा 1970 च्या दशकातला अमेरिकेतला प्रयोग आम्हाला आधी दाखवला होता. आई तान्ह्या बाळाशी हसून-बोलून खेळते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवून नुसती बघत राहते. ओरडणं नाही की रागावणं नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, जे जे येतं ते सगळं करून बघतं आणि मग मान फिरवतं, रडायला लागतं. मनूचे गोड निरोप ऐकले तेव्हा मला तेच बाळ आठवलं.

आणि भांडणाबद्दल म्हणाल तर मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी, ते पुढे अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात होते, वर्षानुवर्षं हेच तपासलंय. मुलांना मोठ्यांच्या वादाचे छोटे व्हिडिओ दाखवायचे, कुठे वाद मिटलेला, कुठे अर्धवट, कुठे नुसता अबोला, आणि मुलांना काय वाटलं ते बघायचं. अबोल्याचाही मुलांना त्रास होतो हे त्यात दिसलं, आणि वाद खरोखर मिटलेला बघितला की मुलं पुष्कळ सावरतात हेही दिसलं. दार बंद करून मिटवलं तरी चालतं, बाहेर आल्यावर दोघांची वागणूक बदललेली मुलाला कळते.

म्हणून मी या दोघांना भांडू नका असं सांगितलंच नाही, ते कोणाला जमतं? एवढंच सांगितलं की निरोप आजपासून बंद, काहीही झालं तरी, अगदीच तोंडाने बोलवत नसेल तर एकमेकांना मेसेज करा पण मनूला मध्ये घेऊ नका. आणि भांडण मिटलं की तिला कळू द्या, “आम्ही चिडलो होतो, तुझ्यामुळे नाही हं, आता ठीक आहे आमचं.” तुझ्यामुळे नाही हे मुद्दाम म्हणायचं, कारण या वयात मुलं पटकन स्वतःवर घेतात. आणि मिटलं नसेल तर मिटल्याचं नाटक करू नका, अजून बोलतोय आम्ही, एवढं सांगितलं तरी पुरे. (घरात मारहाण, धमक्या असतील तर मात्र यातलं काहीही लागू नाही, तिथे आधी आई आणि मूल सुरक्षित हवं, महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 या नंबरवर फोन करा.)

पोटदुखी लगेच गेली नाही. तीन-साडेतीन महिने लागले, परीक्षेच्या दिवशी अजूनही दुखतं. पण परवा आई सांगत होती, कोणत्या तरी लग्नाला जायचं की नाही यावरून दोघांचं वाजलं आणि बाबाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “मनू, आईला सांग...” तर ती चित्र रंगवत होती, तिने मान वर न करता म्हटलं, “तूच सांग ना, ती काय इथेच बसलीय,” आणि हिरवा खडू शोधायला लागली.