वाऱ्यात पडलेलं फणसाचं झाड दारापर्यंत आणता येणाऱ्या फिरत्या करवत-यंत्रावर कापून घ्यावं की वखारीत न्यावं?

ओंडका दोन-अडीच फूट जाड असेल आणि तो न्यायला गाडी आगरापर्यंत येत नसेल, तर दारातच कापा. फिरत्या यंत्राला पट्टा करवत, म्हणजे लांब पट्ट्यासारखं पातळ पातं, असते. तिच्या कापाला दोनेक मिलिमीटर लाकूड भुशात जातं, गोल करवतीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. दहा फळ्या काढल्यात की एखादी जास्तीची हाती लागते.

पण आधी खिळे शोधा. आमच्या फणसात कपडे वाळत घालायच्या तारेचा खिळा सालीच्या चार बोटं आत गडप झालेला होता. पातं खर्रकन वाजलं आणि दात गेले. नव्या पात्याचे पैसे अर्थात आम्हीच भरले. घराजवळच्या झाडावर मेटल डिटेक्टर फिरवून घ्याच. फणसाचा चीक पात्याला धरतो, म्हणून साबणाच्या पाण्याची धार चालू ठेवायला सांगा.

टोकांना त्याच दिवशी जुना ऑइलपेंट फासा, नाहीतर फळ्या टोकांकडून फाटतात. मग पडवीत, जमिनीपासून वीतभर वर, मध्ये सारख्या जाडीच्या रिपा घालून रचा. वारा खेळू दे, ऊन नको. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा. आपल्याकडचा पावसाळा त्यात मोजूच नका. बाहेरचा पांढरट भाग भुंगा खातो. दारं-चौकटींना पिवळा गाभाच वापरा.

आणि हो, फणस पडलेला असला तरी कापण्याआधी वनखात्यात विचारा, वाहतुकीच्या पासाचंही.