चुकून मागवलं, आता परत कसं करायचं?

या वेळच्या पत्रांतले बरेच प्रश्न एकाच पेचाचे आहेत: वस्तू चांगली आहे, विक्रेत्याची काही चूक नाही, पण ती आपण चुकून मागवली. अशा वेळी आपली बाजू किती खरी आहे यापेक्षा चूक कधी लक्षात आली आणि वस्तू कोणत्या अवस्थेत आहे, यावर पैसे परत मिळणं ठरतं.

प्रश्न: पेमेंट करताना चक्र नुसतं फिरत राहिलं, म्हणून पुन्हा बटण दाबलं. खात्यातून दोनदा रक्कम गेली. दुसरी ऑर्डर रद्द करू, की पार्सल आल्यावर परत करू?

आधी ‘माझ्या ऑर्डर्स’ उघडा आणि ऑर्डर क्रमांक किती दिसतात ते पाहा. क्रमांक एकच असेल आणि पैसे दोनदा गेले असतील, तर रद्द करायला दुसरी ऑर्डर मुळात नाहीच. घाबरून तीच रद्द केलीत, तर हवी असलेली वस्तूही हातची जाईल. कार्डावर ही जादा रक्कम बहुधा ‘पेंडिंग’ दिसते. म्हणजे बँकेने ती अडवून ठेवली आहे, दुकानाने अजून उचललेली नाही. दुकानाने उचलली नाही, की काही दिवसांनी ती आपसूक मोकळी होते आणि पेंडिंगची नोंदच नाहीशी होते. ‘रिफंड’ अशी वेगळी ओळ येत नाही, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये ती शोधत बसू नका, शिल्लक पाहा.

क्रमांक दोन असतील तर एक लगेच रद्द करा. कूपन किंवा सूट कोणत्या ऑर्डरला लागली आहे हे आधी बघा, ती ठेवा. ‘शिप्ड’ होईपर्यंत रद्द करणं हे एका बटणाचं काम असतं. त्यानंतर ते बटण अनेकदा दिसेनासं होतं, आणि मग पार्सल दारातच नाकारायचं. नाकारायचं असेल तर खोक्याला हात लावू नका आणि डिलिव्हरीचा ओटीपी देऊ नका. ओटीपी दिला की सिस्टिममध्ये ‘पोचलं’ अशी नोंद पडते आणि मग रिटर्नची सगळी वाट चालावी लागते. संध्याकाळी ट्रॅकिंग उघडून ‘ग्राहकाने नाकारलं’ अशी नोंद झाली आहे ना, ते पाहा. ‘ग्राहक घरी नव्हता’ असं दिसलं तर पार्सल उद्या पुन्हा दारात येणार.

प्रश्न: चुकीचं मॉडेल मागवलं आणि खोकाही उघडला. अजून परत घेतील का?

उघडला म्हणजे सगळं संपलं असं नाही. कंपनीच्या खोक्याचं सील आणि आतल्या वस्तूचं सील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोका उघडून पाहणं बऱ्याच ठिकाणी चालतं. इअरफोन, ट्रिमर, अंतर्वस्त्रं, सौंदर्यप्रसाधनं यांचं आतलं सील तुटलं, तर मात्र स्वच्छतेच्या कारणावरून नकार येतो, आणि तो सहसा बदलत नाही.

बाकी वस्तूंचा वापर आता थांबवा. केबल, चार्जर, माहितीपुस्तिका, वॉरंटी कार्ड, बारकोडचा टॅग, मोफत आलेली भेटवस्तू, सगळं एका जागी काढून ठेवा. पिकअपला येणारा माणूस मोबाइलवर दिसणारी यादी वाचत एकेक गोष्ट जुळवतो: रंग, मॉडेल, सिरीयल नंबर किंवा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), सोबतच्या वस्तू. एक पिशवी कमी निघाली तरी तो पार्सल न घेता जाऊ शकतो, आणि त्या जागी दुसरं कोणीही असतं तरी तेच करावं लागलं असतं.

फोन किंवा टॅब्लेट असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपल्या खात्यातून साइन आउट व्हा, ‘फाइंड माय’सारखी हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करा, मग फॅक्टरी रीसेट करा. साइन आउट न होता रीसेट केलं, तर फोन सुरू होताच जुना पासवर्ड मागतो, आणि असा लॉक लागलेला फोन तपासणीत बाद होतो.

कंपनीच्या देखण्या खोक्यावर थेट चिकटपट्टी किंवा पत्त्याचं लेबल लावू नका. ते निघताना छपाई उखडते, खोका पुन्हा विकता येत नाही, आणि त्याचे पैसे रिफंडमधून कापले जातात. बाहेरून दुसरा खोका किंवा पिशवी हवीच.

आणि बांधताना एक सलग व्हिडिओ काढा. सिरीयल नंबर स्पष्ट दिसू दे, वस्तू खोक्यात ठेवताना दिसू दे, शेवटी लेबल दिसू दे. मध्ये कॅमेरा बंद केला तर त्या व्हिडिओचं वजन उरत नाही.

प्रश्न: रिटर्नच्या फॉर्ममध्ये कारण विचारतात. ‘खराब निघाली’ लिहिलं की पाठवणीचा खर्च लागत नाही म्हणतात. तसं लिहू का?

लिहू नका. प्रामाणिकपणाचा मुद्दा आहेच, पण त्यात व्यवहाराचाही तोटा आहे. ‘खराब’ लिहिलं की वस्तू तपासणीला जाते, वेळ वाढतो, आणि ती धडधाकट निघाली की विनंती नाकारली जाते. काही दुकानं ‘खराब’ म्हटल्यावर पैसे न देता फक्त बदली वस्तू देतात. म्हणजे नको असलेलीच वस्तू पुन्हा दारात! ‘चुकून ऑर्डर झाली’ किंवा ‘आता गरज नाही’ असा पर्याय असतो, तो निवडा.

पाठवणीचा खर्च स्वतः करायचा असेल तर आधी हिशेब करा. कुरिअर नुसत्या वजनावर नव्हे, तर जागेवरही पैसे घेतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण 5000 ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. 50 बाय 40 बाय 30 चा खोका म्हणजे 60,000 भागिले 5000, म्हणजे 12 किलो. आत जेमतेम दोन किलोची उशी असली तरी पैसे 12 किलोचे. शक्य तितका लहान खोका घ्या. रिटर्न क्रमांकाची चिठ्ठी आतही टाका, जुन्या लेबलचा बारकोड झाका, आणि वजन छापलेली पावती पैसे जमा होईपर्यंत जपा.

प्रश्न: पार्सल नेऊन दहा दिवस झाले. दुकान म्हणतं ‘रिफंड दिला’, बँक म्हणते ‘आला नाही’. कोणाला धरू?

दोघंही खरं बोलत असतील. दुकानाने रिफंड सोडला म्हणजे तो आपल्या खात्यात पडला असं नाही, मध्ये दुकानाची बँक, कार्डाचं जाळं आणि आपली बँक असा प्रवास असतो. दुकानाकडून ‘दिला’ हे उत्तर घेऊ नका, संदर्भ क्रमांक मागा. कार्डाच्या रिफंडला 23 अंकी एआरएन असतो, यूपीआयला 12 अंकी संदर्भ क्रमांक. तो बँकेला दिला, की ती रक्कम शोधू शकते. दुकानाला क्रमांक देता येत नसेल, तर रिफंड बहुधा दुकानाकडेच अडकलाय.

त्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, पैसे दुकानाच्या वॉलेटमध्ये तर गेले नाहीत? रिटर्न टाकताना ‘झटपट परतावा’ या पर्यायावर आधीच खूण असते, ती बदलायची राहून जाते. दुसरी, रक्कम आपण समजतो तेवढीच यायची होती का? ‘दोन घ्या, तिसरी मोफत’ अशा ऑफरमध्ये भरलेली रक्कम तिन्ही नगांवर वाटलेली असते. एक परत केला की सुमारे एक तृतीयांशच येतं. किमान खरेदीवरची सूट असेल आणि रिटर्नमुळे बेरीज त्या मर्यादेखाली गेली, तर सूटही कापली जाते.

क्रेडिट कार्डाचं बिल निघालं असेल आणि रिफंड जमा झाला नसेल, तर बिल मुदतीत भरा. रिफंड येईल म्हणून थांबलात तर व्याज चढतं. जमा झाला की तो पुढच्या बिलात वळता होतो. हप्त्यांवर घेतलेली वस्तू परत केली, तर हप्ते बंद झाले का हे बँकेला वेगळं विचारा.

दुकानाने दाद दिलीच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहू नका. पण नुसतं ‘चुकून घेतलं’ हे चार्जबॅकचं कारण होत नाही. ‘परत केलं, स्वीकारलं गेलं, पैसे आले नाहीत’ हे होतं.

प्रश्न: मुलाने फोनवर गेमची खरेदी केली. गेम काढून टाकला. पैसे मिळतील?

गेम काढल्याने काही होत नाही. वर्गणी असेल तर ती चालूच राहते, ती स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. गुगल प्लेवर 48 तासांच्या आत अर्ज केलात तर मिळण्याची शक्यता बरी, त्यानंतर ॲप बनवणाऱ्याशी बोलावं लागतं. ॲपलच्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावर खरेदी निवडून अर्ज करता येतो. स्टीम या संगणकावरच्या गेम्सच्या ऑनलाइन दुकानातल्या गेमला 14 दिवसांची मुदत आहे आणि खेळण्याचा वेळ 2 तासांपेक्षा कमी हवा. खरेदीत मिळालेली गेममधली नाणी खर्च झाली असतील तर काम अवघड होतं, म्हणून मुलाच्या हातातून फोन आधी घ्या, ओरडणं नंतर.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, ‘आमच्याकडे परत घेत नाहीत.’ कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून 14 दिवसांत कारण न देता परत करता येते. मापाने शिवलेले कपडे, नाशवंत माल, उघडलेली सीलबंद सॉफ्टवेअर अशांना अपवाद आहे. भारतात निव्वळ मन बदललं म्हणून परत करण्याचा असा हक्क नाही, तिथे दुकानाचं धोरणच चालतं. मात्र 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष, नकली किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी असेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेत्याला परत घेणं नाकारता येत नाही. रिटर्नचं धोरण आधी सांगणंही बंधनकारक आहे. म्हणून ऑर्डरच्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट लागतो, आजच्या पानाचा नव्हे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

प्रश्न: ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन केला. त्यांनी रिफंडसाठी एक ॲप घ्यायला सांगितलं आणि पिन मागितला. देऊ का?

नाही, आणि फोन आत्ताच ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी असतो. ॲप घेतलं असेल तर इंटरनेट बंद करा, ॲप काढा, आणि दुसऱ्या फोनवरून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला फोन करून व्यवहार थांबवायला सांगा. खरी ग्राहक सेवा दुकानाच्या ॲपमध्ये त्या ऑर्डरच्या ‘मदत’ बटणामागे असते.