लंडन–न्यूयॉर्क: अंतर आणि विमानाचा वेळ

तुमचा हिशेब असा : लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५५० किमी, विमानाचा वेग ताशी ९०० किमी, म्हणजे सहा तास दहा मिनिटं. पण तिकिटावर जाताना आठ तास दिसतात आणि येताना सात. खरं काय, असं तुम्ही विचारलंय. तिकिटावरचंच खरं धरा.

५,५५० किमी हा आकडा चुकीचा नाही. तो पृथ्वीच्या गोलावर मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग आहे. सपाट नकाशावर ही रेषा उत्तरेकडे वाकलेली दिसते, पण पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरलात तर तोही तसाच जातो. प्रत्यक्षात विमान मात्र रोज नेमकं याच रेषेवरून जात नाही. अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून दररोज नव्याने आखले जातात.

कारण सगळा खेळ वाऱ्याचा आहे. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी ९०० हा विमानाचा हवेतला वेग. जमिनीच्या हिशेबाने तो वाऱ्यानुसार कमी-जास्त होतो. वारा ताशी १०० किमी धरा. न्यूयॉर्ककडे जाताना तो समोरून येतो, वेग उरतो ८००, म्हणजे सहा तास ५६ मिनिटं. परतताना तो पाठीशी, वेग १,०००, म्हणजे पाच तास ३३ मिनिटं. दोन्ही मिळून बारा तास २९ मिनिटं होतात, वारा नसता तर बारा तास २० मिनिटं झाले असते. म्हणजे जाताना गमावलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. हे फार कमी जणांच्या लक्षात येतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

वारा किती फरक पाडू शकतो? फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, तरी हवेच्या हिशेबाने ते आवाजापेक्षा हळूच उडत होतं.

उरलेला वेळ जमिनीवर आणि चढण्या-उतरण्यात जातो. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, उतरण्याआधी घिरट्या, आणि उशीर झाला तर सावरायला कंपनीने धरलेली थोडी जास्तीची मिनिटं, हे सगळं त्यात येतं. वाऱ्याच्या हिशेबावर तास-दीड तास घाला, तिकिटाच्या जवळ पोहोचाल.

कधी राजकारणही आडवं येतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता, तो तेरा तासांवर गेला. शहरं जागच्या जागी, अंतर तेवढंच.

एक काळजी घ्या. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात. न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला निघून लंडनला सकाळी सातला पोहोचलात तर घड्याळात बारा तास दिसतात, पण लंडन पाच तास पुढे असल्याने प्रवास सातच तासांचा. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस एक आठवडा हा फरक चार तासांचा असतो, कारण दोन्ही देश घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात. त्या दिवसांत पुढचं विमान पकडायचं असेल तर वेळा पुन्हा एकदा तपासा.