घरची परिस्थिती की सरकारी धोरण?

प्रश्न : बीड जिल्ह्यातील आमच्या शाळेत दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे होतात, कारण पालक ऊसतोडीला जातात. या गळतीला घरची परिस्थिती कारणीभूत मानावी की सरकारी धोरण? (एक शिक्षिका)

उत्तर : या दोन गोष्टी दिसतात तितक्या वेगळ्या नाहीत. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) दोघांनी मिळून फेडायची असते, त्यामुळे आई उसाच्या फडात गेली की कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) तान्ह्या भावाला सांभाळायला दहा वर्षांची बहीण लागते. याला पालकांची अनास्था म्हणणे मला अन्यायाचे वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करताना मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. पण जिथे मूल शाळेबाहेर राहण्याचे कारणच उचल आहे, तिथे दंडाने काय साधणार? मुलांना आजी-आजोबांच्या आधाराने गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहाची योजना म्हणूनच योग्य दिशेची आहे. मात्र ट्रॅक्टर निघून गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहात मूल येणार कुठून? शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ या वयापुरते, म्हणजे आठवीपर्यंतच आहे, आणि मुलींच्या लग्नाची घाई नेमकी त्याच सुमारास सुरू होते. तेव्हा सातवी-आठवीतल्या मुलींच्या घरी यंदा दिवाळीपूर्वीच, बिऱ्हाड गाडीत चढण्याआधी, एकदा जाऊन या.