कला आणि पोटापाणी

प्रश्न : रोजच्या पोटापाण्याच्या धडपडीत कलेला खरोखर काही मोल असते का?

उत्तर : निश्चितच असते. पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांवर, जेथे पैसा बेताचाच असतो, लग्नघरातील कुडाची भिंत शेणामातीने सारवून, तिच्यावर गेरू देऊन, सुवासिनी बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाचा देवचौक, म्हणजे देवीचे चौकोनी चित्र, रेखतात. त्यात पालघट ही मातृदेवता येते, धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय परंपरेनुसार लग्न पुरे होत नाही. घरच्या पिठातून घडणारी ही कला मला चैन वाटत नाही. पुढे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि अनेक वारली तरुणांना चित्रांतून रोजगारही मिळाला; मात्र या चित्रांची गरज बाजाराच्या कितीतरी आधीची आहे.