धोरण पाचवीच्या दारातून वाच

प्रिय,

पत्र मिळालं. फिनलंड, सिंगापूर, आपलं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, सगळं वाचून झालंय, आता याच क्षेत्रात काम करायचंय, तर सुरुवात कुठून करायची, असं विचारलंयस. वाचन चालू दे, फक्त क्रम उलटा कर. मूल एका हातातून दुसऱ्या हातात कुठे जातं ती जागा आधी शोध, आणि मग धोरणाचा कागद उघड. सुधारणा अडकतात त्या बहुतेक अशाच जागी.

गोव्यात अशा ठळक जागा तीन: बालवाडीतून पहिली, चौथीतून पाचवी, बारावीतून कॉलेज. मधली सर्वांत अवघड. आपल्या सरकारी मराठी-कोकणी प्राथमिक शाळा साधारणपणे चौथीपर्यंत. पाचवीला मूल बहुधा अनुदानित हायस्कुलात जातं. तिथे इमारत दुसरी, व्यवस्थापन दुसरं आणि माध्यम इंग्रजी. आता धोरणातली 5+3+3+4 ही रचना, म्हणजे शिक्षणाचे 5, 3, 3 आणि 4 वर्षांचे टप्पे, यावर ठेवून बघ. तिसरी, चौथी आणि पाचवी मिळून एकच टप्पा होतो. म्हणजे कागदावरचा हा एक टप्पा सत्तरी-पेडणे तालुक्यांतल्या मुलाच्या वाट्याला दोन शाळांत आणि दोन भाषांत तुटून येतो. शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी, असं हेच धोरण सांगतं. हे शक्य आहे का, असं हायस्कूलच्या व्यवस्थापनाला, पालक-शिक्षक संघाला आणि पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाला वेगवेगळं विचार. उत्तरं जुळली तर मला जरूर कळव.

माध्यमाचा वाद तुला ठाऊकच आहे. 1990 साली प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणीपुरतं ठेवलं गेलं आणि पुढे ते इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही देण्याचा निर्णय झाला. दोन्ही बाजूंची भाषणं कुठेही ऐकायला मिळतील. त्यात न अडकता, वर्ष सुरू होऊन दोनेक महिने झाले की रीतसर परवानगी काढून पाचवीच्या वर्गात जा. मुलाला वर्गाबाहेर एकटं बसव, शिक्षक शेजारी नकोत. विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातला चार ओळींचा परिच्छेद वाचायला दे आणि अर्थ मराठीत सांगायला सांग. मग तेवढ्याच लांबीचा, दुसरीच्या पातळीचा, पुस्तकाबाहेरचा मराठी परिच्छेद दे. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर सुटे शब्द दे, तेही जमले नाहीत तर अक्षरं. मराठी समजून वाचतो आणि इंग्रजी अडतं, त्या मुलाला तिसरीपासून भाषेचा पूल हवा होता. इंग्रजी खडाखडा वाचतो पण अर्थ सांगता येत नाही, त्याची इंग्रजीची अक्षरओळख झालीय, भाषा नाही. त्याच्याशी तोंडी इंग्रजी भरपूर बोललं गेलं पाहिजे. दोन्ही वाचता येत नाहीत, त्याचं काम पहिली-दुसरीतच राहिलंय आणि माध्यमाच्या वादाशी त्याचा काही संबंध नाही. तिन्हींना एकच 'उपचारात्मक वर्ग' लावतात, म्हणून तो कुणालाच लागू पडत नाही.

मोजताना एक सांभाळ. निपुण भारत, म्हणजे केंद्राचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान, त्याचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान 60 शब्दांचं आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'शाळेपासूनसुद्धा' हा एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार होतात. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी वाचनाचे आकडे शेजारी मांडून तुलना करू नकोस. वेग बघ, पण निर्णय दे तो अर्थावर.

याच दुखण्याचे दोन परदेशी दाखले नीट अभ्यास. फिलिपिन्सने 2012-13 पासून तिसरीपर्यंत मातृभाषा माध्यम म्हणून आणली, 19 भाषांत. विचार चांगला होता. पण प्रत्येक भाषेसाठी लेखनपद्धती ठरवणं, व्याकरण, शब्दकोश आणि गोष्टींची पुस्तकं ही चारही कामं पुरी केलेल्या शाळा फारच थोड्या निघाल्या, आणि 2024 मध्ये कायदा करून ती सक्ती काढली. मलेशियाने उलटी वाट धरली: 2003 पासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. शिक्षकांना लॅपटॉप, प्रोजेक्टर दिले. भाषा काही त्यांतून आली नाही, ग्रामीण मुलं मागे पडली. 2009 मध्ये माघारीचा निर्णय झाला आणि 2012 पासून तो अमलात येऊ लागला. दोन्हीकडे घोषणा आधी झाली, शिक्षकाची आणि पुस्तकाची तयारी मागून. माझं मत विचारशील तर गोव्यात पाचवीत दोन भाषांतलं पुस्तक आणि दोन्ही भाषा येणारा शिक्षक एवढं झालं तरी निम्मं भांडण मिटेल.

फिनलंडचं नाव घेणारे शेवटची पायरी आधी उचलतात: तपासणी नको, परीक्षा नको, शिक्षकाला मोकळीक. त्यांचा क्रम बघ. सर्वांना एकच शाळा हा कायदा 1968 चा. अंमल 1972 मध्ये उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरू झाला आणि राजधानीच्या भागात 1977 ला पोचला. त्याच दशकात शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांत नेलं. शाळा तपासनीस गेले ते 1990 नंतर. मधली वीसेक वर्षं गाळून मोकळीक आणली तर ती मोकळीक राहत नाही, वाऱ्यावर सोडणं होतं.

पैशाबद्दल थोडक्यात. इंडोनेशियाने 2005 च्या कायद्याने प्रमाणपत्रधारक शिक्षकांचा पगार जवळजवळ दुप्पट केला. 360 शाळांत तपासून पाहिलं तेव्हा शिक्षक समाधानी होते, पण मुलांच्या गुणांत फरक नव्हता. ब्राझीलच्या सेअरा राज्याने 2007 मध्ये नगरपालिकांना मिळणाऱ्या कराचा काही वाटा शिक्षणाच्या निकालांशी बांधला, आणि सोबत पुस्तकं, प्रशिक्षण, वाचनाची चाचणी हेही पुरवलं. तिथे बदल दिसला. नुसती बक्षिसी ठेवली असती तर आकडे फुगले असते.

आता शाळेतलं गणित. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास धरलेत, म्हणजे दिवसाला चार तास. एकशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसतात, तेव्हा एकेका वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचा एक तास येतो. त्यातून पोषण आहार, मतदारयादी, ऑनलाइन माहिती भरणं वजा कर. अशा शाळेला इयत्तेप्रमाणे लिहिलेला अभ्यासक्रम कितीही चांगला दिला तरी उपयोग नाही. तिला बहुवर्ग पद्धतीचं साहित्य लागतं: पातळीप्रमाणे गट, स्वतः सोडवायची कार्डं. शाळा बंद करून जवळच्या शाळेत विलीन करायची सूचना आलीच, तर बस किती वाजता येते आणि पावसाळ्यात ओहोळावरचा पूल चालू असतो का, हे आधी विचार.

बालवाडीत प्रश्न खात्यांचा. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, पहिली शिक्षण खात्याकडे, केजी बऱ्याचदा खासगी संस्थांकडे. धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे. त्यामुळे अंगणवाडी सेविका आणि पहिलीच्या बाई महिन्यातून एकदा तरी एकत्र बसतात का आणि मुलाची नोंदवही एकीकडून दुसरीकडे जाते का, एवढ्या दोनच गोष्टींची माहिती काढ.

विद्यापीठापर्यंत आलास की श्रेयांक (क्रेडिट) समजून घे, कारण आपल्याकडची बरीच मुलं पुढे पोर्तुगालला किंवा इतर युरोपात जातात. 1999 च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतरच्या युरोपीय पद्धतीत वर्षाला 60 श्रेयांक, एकेक 25 ते 30 तासांचा. आपल्याकडे वर्षाला 40, तीन वर्षांचे 120, चार वर्षांचे 160. सरळ आकड्याला आकडा लावून अर्ज केला की तीन वर्षांची पदवी दोन वर्षांची दिसते. म्हणून गुणपत्रिकेसोबत प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि तासांचा तपशील कॉलेजकडून सहीशिक्क्यानिशी घ्यायला सांग, तोही पदवी हातात पडण्याआधीच. नंतर विषयाचा कोड बदललेला असतो आणि माहिती देणारा कारकून बदलून गेलेला असतो.

पाचवीच्या वर्गातल्या नोंदी झाल्या की पाठव. शाळेचं नाव झाकून पाठव, पण तालुका, पट आणि शिक्षकसंख्या ठेव.

तुझा,
शुभचिंतक